लोअर परळ : लिफ्ट बंद आहे!

तुम्ही लोअर परळला जाता म्हणजे नेमकं कुठं जाता? सकाळी ऑफिसला, दुपारी फूड कोर्टात, शुक्रवारी रात्री एखाद्या मिलच्या कंपाउंडमध्ये, आणि तिथून कॅब करून थेट घरी. 'कमला मिलला भेटू', 'तोडी मिलला ये' असं आपण आठवड्यातून चारदा म्हणतो. त्यातल्या 'मिल' या शब्दाचा कापसाशी काही संबंध होता, हे क्षणभरही डोक्यात येत नाही. येण्याचं कारणही नाही म्हणा. मी तर डिलाइल रोडवरच वाढले, तरी माझ्याही डोक्यात यायचं नाही.

म्हणून या रविवारी एक करा. फिनिक्समध्ये शिरण्याआधी मान वर करा. ब्रँड्सच्या बोर्डांच्या मागे गिरणीचं जुनं धुराडं उभं दिसेल. फोटो काढायचा तर काढा. मग मॉलकडे पाठ फिरवा, पूल ओलांडा आणि रेल्वेच्या पूर्वेला उतरा. चालत दहा मिनिटं. पण तुमच्यापैकी फार थोड्यांनी ती चालली असतील, पैज लावते.

हा पूल आमच्याकडे घरातल्या आजारी माणसासारखा आहे, त्याची चौकशी रोज होते. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, पुलांच्या तपासण्या झाल्या आणि त्याच महिन्यात आमचा पूल धोकादायक ठरवून बंद केला. पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं! त्या पाच वर्षांत पस्तिसाव्या मजल्यावरच्या मर्सिडीजवाल्यानं आणि चाळीतल्या टॅक्सीवाल्यानं एकाच वळशाला शिव्या घातल्या. इतकी एकी या भागात मी दुसऱ्या कशातही पाहिलेली नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडचा एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद झाला आणि सगळी वाहतूक पुन्हा आमच्याच डोक्यावर. आता तर हॉर्नच्या आवाजावरून मी किती वाजले ते सांगते.

पूल उतरलात की एन. एम. जोशी मार्ग. म्हणजे कागदोपत्री. बोलताना डिलाइल रोडच.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो न सांगता पुढं जाता येत नाही आणि लांबवला तर तुम्ही पान उलटाल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्याच हळूहळू मिटल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल उचलून धरला. आज तुम्हाला जे आकाशात घुसलेलं दिसतं, ते त्यानंतरचं.

गावकीची खोली आणि तीनशे फूट

माझे आजोबा मालवणजवळच्या गावातून आले ते थेट गावकीच्या खोलीत. ही काय भानगड, असं विचारणाऱ्यांसाठी : गावच्या मंडळानं मिळून घेतलेली चाळीतली एक खोली. दहा बाय बाराची. त्यात तीस-चाळीस जण, पाळीपाळीनं. पहिल्या पाळीचा माणूस उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीच्या जागी आडवा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. दर महिन्याला वर्गणी आणि दर महिन्याला मिटिंग. खोली कुणा एकाची नाही, गावाची. वर्गणी थकली तर नाव फळ्यावर खडूनं लिहिलं जाई आणि गावाला पत्र जाण्याआधी माणूस पैसे भरून मोकळा होई. अशा खोल्या गिरणगावात अजूनही आहेत. कोकणातून इंटरव्ह्यूला आलेली मुलं तिथं उतरतात.

पुढं लग्न झाल्यावर आजोबांनी त्याच गल्लीत पागडीनं स्वतःची खोली घेतली. भाडं नावापुरतं. संडास मजल्याच्या टोकाला, सहा कुटुंबांत एक. माझ्या लहानपणी दार उघडंच असायचं, बंद केलं तर शेजारी विचारायचे, 'कोण आजारी आहे का?'

मग रिडेव्हलपमेंट. २०१६ साली चाव्या मिळाल्या. चाळीच्या जागी दोन इमारती : मागच्या बाजूला आमची, तळमजल्यावर दुकानं आणि वर तेरा मजले, मजल्यावर आठ याप्रमाणे एकशे चार फ्लॅट, प्रत्येकी तीनशे चौरस फूट कार्पेट. आणि पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, विक्रीचा टॉवर : पोडियम, पूल, लॉबीत पांढरे सोफे. मध्ये एक भिंत. आईनं स्वतःच्या घरातल्या संडासाची कडी लावून पाहिली, उघडली, पुन्हा लावली. ती रडली होती त्या दिवशी. हे मी विसरत नाही आणि म्हणून 'चाळीत किती मजा होती' छापाचे लेख मला वाचवत नाहीत.

पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. चाळीत लिफ्ट नव्हती, त्यामुळं ती बंदही पडत नव्हती.

चौदा मजली इमारत म्हणजे दोन लिफ्ट, पंप, टाक्या, फायर पंप, जिन्यातले दिवे, वॉचमन, सफाई. बिल्डरनं दिलेल्या कॉर्पसच्या व्याजावर हे चालेल असा हिशेब होता. व्याजदर उतरले, विजेचं बिल चढलं. आता आमचा मेंटेनन्स महिना तीन हजार दोनशे. तुम्हाला ही दोन वीकएंडची रक्कम वाटेल. ज्याच्या घरी पेन्शनच मुळी दीड-दोन हजारांची येते, त्याच्यासाठी ते चाळीच्या भाड्याची कितीतरी वर्षं आहेत. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला हे खरं, पण लिफ्टवाला कर भरा असं म्हणत नाही, बिल भरा म्हणतो.

तर रस्ता ओलांडून बीडीडी चाळींकडे पाहा. तिथं हेच नाटक आता मोठ्या रंगमंचावर चाललंय. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. एकशे साठ फुटांतून एकदम पाचशे. पहिली बारा वर्षं देखभाल म्हाडाकडे. तेराव्या वर्षी त्या लिफ्टचं बिल कुणाच्या दाराखालून सरकेल, याचा हिशेब आजच मांडून ठेवायला हवा. आम्हाला तो मांडायला नऊ वर्षं लागली.

कोरम नाही, सभा तहकूब

आमच्या दोन लिफ्टपैकी एक मार्चपासून बंद होती. दुसरीनं ५ सप्टेंबर २०२५ ला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मान टाकली. दुसऱ्या दिवशी सगळे गणपती जिन्यानं उतरले. बाराव्या मजल्यावरच्या पोरांनी मूर्ती खांद्यावर घेऊन 'मोरया' करत उतरताना मजा केली. पण तेराव्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही गुडघे गेलेले. त्या त्या दिवसापासून वरच. मी भाजी पोचवायला गेले की हसून म्हणायच्या, "गो बाये, तुमची लिफ्ट कधी सुरू होतली?" 'तुमची' लिफ्ट. एकदा म्हणाल्या, "माका तरी खंय जावचा हा?" आणि खिडकीतून टॉवरच्या स्विमिंग पूलकडे बघत बसल्या.

१४ सप्टेंबरला, रविवारी, आमची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, कायदाच आहे. बाबा जात नाहीत. मी त्यांची सहयोगी सभासद. सोसायटीत प्रॉक्सी चालत नाही, पण मूळ सभासदाच्या लेखी संमतीनं सहयोगी सभासदाला बसता येतं, मतही देता येतं. म्हटलं, जाऊ दहा मिनिटं, एक कॉपी तरी सुटेल.

सकाळी दहाची वेळ. दहा वाजता आम्ही सात जण. कोरमला वीस लागतात. सेक्रेटरीकाका बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब" असं, जणू बस डेपोतून सोडतायत अशा आवाजात, जाहीर केलं. अर्ध्या तासानंतर त्याच जागी जेवढे असतील तेवढ्यांवर सभा चालते. एकशे चार घरं, साडेदहाला आम्ही सोळा. त्यातले तीन चहासाठी आलेले.

लिफ्टचा विषय आला. कंपनीचं मेंटेनन्सचं जुनं बिल थकलेलं, वर दोन्ही लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा. सगळे मिळून सात लाख. बँकेत अडीच. आणि सभासदांकडून येणं बाकी? जवळजवळ अकरा लाख! म्हणजे पैसे होते, फक्त आमच्याकडे नव्हते.

मी तडकले. मास कॉममध्ये शिकवतात ना, प्रश्न थेट विचारा. उभी राहिले आणि म्हणाले, "काका, थकबाकीदारांची नावं वाचा. सगळ्यांसमोर वाचा. त्या आजी वर अडकून पडल्यात."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वाचू?" म्हणाले.

"वाचा."

पहिला मजला, दुसरा मजला, करत करत अकराव्यावर आले आणि तिथं आमचं नाव होतं. चौदा महिने. चव्वेचाळीस हजार आठशे, अधिक व्याज, जे आमच्या उपविधीत एकवीस टक्के आहे. खुर्चीखाली लपता आलं असतं तर लपले असते. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

घरी आले तर बाबा पेपर वाचत होते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या छतात पाणी मुरतं, सोसायटी दुरुस्त करत नाही, म्हणून मेंटेनन्स नाही. सत्याग्रह! "आपण इथं आणखी किती दिवस राहणारोत?" ते म्हणाले. "विकू आणि बदलापूरला जाऊ. कोटभर येतात. दोन बेडरूमचं घर घेऊन वर एफडी उरेल." आमच्या इमारतीतल्या किती घरांत हे वाक्य उच्चारलं गेलंय, त्याचा हिशेब नको. जवळपास वीस कुटुंबं गेलीच आहेत. गिरणगाव संपानं जेवढा रिकामा केला त्याच्या उरलेल्यातला बराचसा मेंटेनन्सच्या बिलानं केला, असं मला कधी कधी वाटतं. आणि बाबा चूक आहेत असंही मला ठामपणे म्हणता येत नाही.

पैसे मी भरले. दोन महिन्यांचे लेखांचे चेक त्यात गेले. गळती काकांनी रजिस्टरमध्ये नोंदवून घेतली.

सातव्या मजल्यावरचा भाडेकरू

आता तुमच्याविषयी. हो, तुमच्याचविषयी. कारण आमच्या इमारतीत तुम्ही राहता. मालक गेलाय विरारला नाहीतर गावाला, आणि फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं-तिघं, पंचेचाळीस हजार भाड्यानं, ऑफिसला चालत जाता येतं म्हणून. भाडेकरू सभासद नसतो, त्याला सभेत मत नाही. त्यामुळं तो सभेकडं फिरकत नाही, नोटीस बोर्ड वाचत नाही, आणि लिफ्ट बंद पडली की 'सोसायटी काय झोपलीय का' असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो.

सातव्या मजल्यावरचा एक नागपूरचा मुलगा जरा वेगळा निघाला. जिन्यात धापा टाकताना ओळख झाली. तो म्हणाला, "यादी द्या बरं मला, मी रोज हेच करतो." काकांची यादी वहीत, निळ्या शाईत. त्यानं ती एका रात्रीत एक्सेलमध्ये घातली. आणि जे दिसलं त्यानं आम्हा सगळ्यांचं तोंड बंद झालं.

इमारतीत सगळ्यांची खात्री होती, की पैसे गरीब थकवतात. थकबाकीदार एकतीस. त्यातली खरोखर परवडत नाही अशी घरं नऊ. रागावून न भरणारी सहा (आम्ही त्यात). मूळ सभासद वारला आणि वारसांचं भांडण चालू, अशी चार. आणि उरलेली बारा? बाराही घरं भाड्यानं दिलेली. मालकाला वाटतं भाडेकरू भरतो, भाडेकरूला वाटतं मालक भरतो. काहींना तर पक्कं ठाऊक होतं, पण विचारतंय कोण? रकमेनं निम्म्याहून जास्त थकबाकी या बारा दारांमागे होती. न राहणाऱ्या मालकाकडून सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा आकार घेऊ शकते. तोही कुणी लावलेला नव्हता.

मुलानं बाराही घरांतल्या भाडेकरूंचा ग्रुप केला. सगळ्यांनी आपापल्या मालकाला एकाच रात्री एकच मेसेज पाठवला : लिफ्ट बंद आहे, कारण तुमचा मेंटेनन्स थकलाय, शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर पुढच्या भाड्यातून वळता करून आम्हीच सोसायटीत भरू. नऊ दिवसांत बारापैकी सात जणांनी भरले. एका मालकानं मात्र मुलालाच फोन करून 'तू कोण विचारणारा' म्हणून झापलं. तो म्हणाला, "मी सातवा मजला, सर. रोज दोनदा."

नऊ गरजू घरांना हप्ते बांधून दिले. व्याज माफ करायचं की नाही यावर कमिटीत दीड तास भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

इथं एक कायद्याचा मुद्दा सांगितलाच पाहिजे, कारण तुमच्यातले बरेचजण सध्या होम लोनच्या बेतात असाल. अमेरिकेत ज्याला कॉन्डो म्हणतात, त्यासाठी आपल्याकडे १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे, पुणेकरांना तो चांगला ठाऊक. त्यात फ्लॅट तुमचा आणि जिना, लिफ्ट, गच्ची, जमीन यांत तुमचा अविभक्त हिस्सा. मुंबईत बहुतेक ठिकाणी १९६० च्या कायद्याखालची सहकारी सोसायटी. म्हणजे तुम्ही सोसायटीचे भागधारक, आणि मोठा फ्लॅट असो की छोटा, मत एकच. ही पद्धत या शहरात जुनी आहे. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. दोन्हीकडे गंमत तीच : वीस वर्षं ईएमआय भरून आपण जे विकत घेतो, त्यातलं बरंचसं आपल्या दाराच्या बाहेर असतं, आणि बाहेर कुणी बघत नाही.

पुढच्या टॉवरमध्ये माझा एक मित्र राहतो, एकतिसाव्या मजल्यावर, स्वतःचा फ्लॅट. मला वाटायचं त्यांचं सगळं अ‍ॅपवर चकाचक असेल. आहेही. पण त्यांच्या सभेला दोनशे घरांतून नऊ जण आले, म्हणाला. दोन तास चर्चा, डिलिव्हरी बॉयनं कुठली लिफ्ट वापरायची आणि कुत्र्यांनी कुठली. गल्लीतलं गटार मात्र दोघांचं एकच आहे. पावसाळ्यात ते तुंबलं की पाणी भिंत बघत नाही. त्याच्या आणि आमच्या सोसायटीचं पहिलं संयुक्त पत्र वॉर्ड ऑफिसात गेलं ते या गटारासाठी. मसुदा मी लिहिला, लेटरहेड त्यांचं भारी होतं.

तुम्ही अजून चालताय ना? आमची गल्ली संपली की करी रोड स्टेशन, आणि तिथून लालबागची मसाला गल्ली. तिखट कुटण्याचा वास नाकात गेला की समजा पोचलात. घरी थोडा मालवणी मसाला न्या.

१ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, एक लिफ्ट सुरू झाली. सव्वीस दिवसांनी. मेकॅनिक गेल्यावर पाचच मिनिटांत तेराव्या मजल्याचं बटण पेटलं. आजी नऊवारी नेसून, पिशवी घेऊन उतरल्या. देवळात जातील असं मला वाटलं. त्या झेंडूचा भाव करायला बाजारात गेल्या. सेक्रेटरीकाका सोबतीला निघाले, तर त्यांना परत पाठवलं.

पुढच्या रविवारी बाबांनी बोलावलेला ब्रोकर आला. लिफ्टनंच आला. फ्लॅट बघितला, छतातला ओला डाग बघितला, मग म्हणाला, "दुसरी लिफ्टपण होतेय ना सुरू? आणि थकबाकी शून्य? मग काका, पाच लाख वर सांगू या."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायला आत गेले.